लिफाफे उघडण्याआधी

जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं की सोसायटीच्या सभेत एक तक्ता फिरू लागतो. डावीकडे निकष, वर विकासकांची नावं, मधल्या चौकटींत आकडे. वाढीव कार्पेट एरिया, कॉर्पस, महिन्याचं भाडं, बँक गॅरंटी, ताब्याची मुदत, आधीची कामं. सगळ्यांत खाली बेरीज. ज्याची बेरीज मोठी त्याला काम मिळावं, अशी साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या बेरजेवरूनच सभेत दोन तट पडतात.

महाराष्ट्रात या निवडीला नियमांची चौकट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खाली शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ४ जुलै २०१९ रोजी त्या सुधारल्या. सुधारित सूचनांप्रमाणे विकासक निवडणाऱ्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर हवेत, निबंधकांनी नेमलेला अधिकारी हवा, सभेचं चित्रीकरण हवं आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. किती हात वर व्हायला हवेत, हे त्यात ठरलेलं आहे. पण शंभर चौरस फूट जास्त जागा आणि वर्षभर आधी मिळणारा ताबा यांत मोठं काय, हे सभेलाच ठरवावं लागतं.

या प्रश्नावर दोन टोकांनी विचार करणारी दोन माणसं पुढच्या संवादात भेटतात. संवाद कल्पित आहे, माणसंही कल्पित आहेत. त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, ठाण्यातल्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचे सचिव. भाची गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर वनहक्कांचं काम करते. मामांचा विश्वास तक्त्यावर, तिचा बैठकीवर.

"तक्ता नसला की काय होतं, सांगू?" मामांनी सुरुवात केली. "ज्याचा आवाज मोठा त्याचा निकष मोठा. दुकानाचा गाळा असलेला माणूस रस्त्याकडच्या दर्शनी भागावरून तासभर बोलतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना पेन्शनमधून नव्या टॉवरचा मेंटेनन्स भरता येईल का याची काळजी आहे, त्या गप्प राहतात. तक्त्यात मेंटेनन्सचा रकाना असला की आजींना बोलावं लागत नाही. त्यांचा मुद्दा आधीच कागदावर असतो."

"रकाना असतो, हे मान्य. पण त्याला वेटेज किती द्यायचं, ते कुणी ठरवलं?"

"त्यालाही पद्धत आहे." मामांनी थॉमस साटी यांचं नाव घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या व्हार्टन स्कूलमध्ये असताना, १९७० च्या दशकात, साटींनी निकषांना भारांक देण्याची एक रीत मांडली. सगळ्या निकषांना एकदम टक्के वाटायला सांगितलं की माणूस गोंधळतो. म्हणून निकष दोन-दोन करून समोरासमोर ठेवायचे. जागा महत्त्वाची की मुदत? किती पटीने? उत्तर एक ते नऊच्या पट्टीवर. अशा सगळ्या जोड्यांच्या उत्तरांतून भारांक काढायचे. "आणि माणूस स्वतःशीच विसंगत बोलला तर तेही कळतं," मामा म्हणाले. "जागा भाड्याच्या दुप्पट महत्त्वाची, भाडं कॉर्पसच्या तिप्पट महत्त्वाचं, असं म्हणालीस तर जागा कॉर्पसच्या सहापट यायला हवी. तू दोनपट म्हणालीस, तर विसंगती वाढली. साटींनी त्याचं गुणोत्तर दिलंय. ते ०.१० च्या वर गेलं की पुन्हा विचार करा, असं सांगायचं. सभेत हातवारे करून बोलणाऱ्या माणसाला असा आरसा दुसरं कोण दाखवणार?"

भाचीला ही रीत ठाऊक होती, तिच्यावरची टीकाही. १९८३ मध्ये व्हॅलेरी बेल्टन आणि टोनी गिअर या ब्रिटिश अभ्यासकांनी दाखवून दिलं, की साटींच्या पद्धतीत आधीच्याच एका पर्यायाची नक्कल यादीत घातली तर बाकीच्या पर्यायांचा क्रम उलटू शकतो. तिने वही ओढली आणि मामांच्या तक्त्यात नेहमी असतं तसलं गणित मांडलं.

"समजा तीन प्रस्ताव आहेत आणि दोनच निकष: वाढीव जागा आणि विश्वासार्हता, निम्मं-निम्मं वजन. 'अ' चाळीस टक्के जागा वाढवून देतो, विश्वासार्हतेत दहापैकी चार. 'ब' तीस टक्के, विश्वासार्हता आठ. 'क' पंचवीस टक्के, पाच. जागेचे गुण कसे देतोस? सगळ्यांत जास्त त्याला दहा, सगळ्यांत कमी त्याला शून्य, मधल्यांना प्रमाणात. बरोबर?"

"बरोबर. आमचे सल्लागारही तसंच करतात."

"मग जागेत 'अ' ला दहा, 'ब' ला ३.३३. एकूण 'अ' ७, 'ब' ५.६७. 'अ' जिंकला. आता चौथा लिफाफा आला. 'ड' फक्त दहा टक्के जागा देतो, विश्वासार्हता तीन. त्याला कुणीच निवडणार नाही. पण सगळ्यांत कमी आता दहा टक्के झालं. 'ब' चे जागेचे गुण ३.३३ वरून ६.६७ झाले. एकूण 'अ' ७, 'ब' ७.३३. 'ब' जिंकला! ना 'अ' बदलला, ना 'ब', ना तुमची आवड. ज्याला कुणी विचारतही नाही त्याने निकाल फिरवला. आणि मामा, असा चौथा लिफाफा कुणी मुद्दाम पाठवला तर?"

मामांनी आकडेमोड दोनदा तपासली. चूक नव्हती. "पण ही चूक तक्त्याची नाही, पट्टीची आहे," ते म्हणाले. "पट्टी आलेल्या प्रस्तावांवरून बनवली, म्हणून हलली. लिफाफे उघडण्याआधीच ठरवायचं: दहा टक्के म्हणजे शून्य गुण, चाळीस टक्के म्हणजे दहा. मग कितीही प्रस्ताव येवोत, 'अ' आणि 'ब' यांचे गुण जागचे हलत नाहीत."

हे भाचीला पटलं, आणि त्यातूनच तिचा पुढचा मुद्दा निघाला. पट्टीची टोकं ठरल्याशिवाय भारांकाला अर्थ नाही. "जागेला चाळीस टक्के वजन" हे वाक्य अर्धवट आहे. जागा कुठून कुठपर्यंत वाढते त्याचं हे वजन? सगळेच विकासक अडतीस ते चाळीस टक्क्यांत असतील, तर दोन टक्क्यांच्या फरकासाठी तक्त्याचा चाळीस टक्के भाग खर्ची पडतो. म्हणून सभासदांना "तुम्हाला जागा किती महत्त्वाची?" असं मोघम विचारू नये. विचारायचं ते असं: दहावरून चाळीस टक्क्यांवर जाणं तुम्हाला जास्त मोलाचं, की ताबा पाच वर्षांऐवजी तीन वर्षांत मिळणं? हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही कळतो, आणि त्याचं उत्तर द्यायला गणित यावं लागत नाही.

मामांनी हे लिहून घेतलं. तरी भाचीचा मुख्य आक्षेप अजून यायचाच होता.

"बेरजेचा स्वभावच भरपाईचा आहे," ती म्हणाली. "एकीकडे कमी पडलं की दुसरीकडून भरून काढा. बँक गॅरंटी द्यायला तयार नसलेला विकासक जास्त जागेचं आश्वासन देऊन वर येतो. आणि उद्या काम अर्धवट सोडून गेला, तर त्या जागेचा काय उपयोग? दहावीला गणितात नापास झालेल्याला मराठीतल्या नव्वद गुणांनी कुणी पास करत नाही."

इथे मामा तिच्याही पुढे गेले. शासनाच्या सूचनांतच प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटीची अपेक्षा आहे. ती अट बेरजेत घ्यायचीच कशाला? ती दारातच तपासायची. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतींत अशा नकाराला जागा आहे: एखाद्या निकषावर पर्याय ठरावीक मर्यादेपेक्षा मागे असेल, तर बाकीच्या निकषांवर तो कितीही पुढे असला तरी तो सरस ठरवला जात नाही. सरकारी निविदांतही तांत्रिक लिफाफा आधी आणि दराचा नंतर उघडतात, त्यामागे हाच विचार आहे. "म्हणजे दोन चाळण्या झाल्या," मामा म्हणाले. "पहिलीत अटी. तिथे तडजोड नाही. दुसरीत निकष. तिथे देवाणघेवाण चालेल."

"पण पहिल्या चाळणीत काय घालायचं, हेही कुणीतरी ठरवणारच ना?"

"सगळंच कुणीतरी ठरवणार! म्हणून काय गणित सोडून द्यायचं?" मामांचा आवाज चढला. मग त्यांनी माधव गाडगीळांचा दाखला दिला. पश्चिम घाटासाठी केंद्राने मार्च २०१० मध्ये नेमलेल्या गाडगीळ समितीपुढे १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा डोंगराळ टापू होता. कुठली जमीन किती संवेदनशील, हे भावनेवर न सोडता समितीने साऱ्या घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला निकषांवर गुण दिले: तिथेच आढळणाऱ्या वनस्पती, धोक्यात आलेले सस्तन प्राणी, जंगलाचं प्रमाण, उंची, उतार, नदीकाठची वनं. गुणांची सरासरी काढून तीन स्तर ठरवले. "ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, आणि तो का, कसा, कुठल्या आकड्यांवर, ते सगळं त्यात छापलेलं आहे. वाद घालायचा तर निकषांवर घाला. याहून प्रामाणिक काम कोणतं?"

भाचीला गाडगीळांबद्दल मामांइतकाच आदर होता. म्हणूनच तिला त्या अहवालातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा वाटत होता. सरासरी काढणं म्हणजे प्रत्येक निकषाला सारखं वजन देणं, आणि सारखं वजन हासुद्धा निर्णयच आहे. गुणांची मोजणी प्रत्येक राज्यात वेगळी केली, हाही निर्णय. आधीची संरक्षित क्षेत्रं आणि पहिला स्तर मिळून साधारण ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, दुसऱ्या स्तरासह ७५ टक्क्यांच्या आसपास राहावं, ही रेषासुद्धा आकड्यांतून आपोआप उगवली नव्हती; समितीने विचार करून ती आखली होती. "आणि समितीने हे लपवलं नाही," ती म्हणाली. "उलट हे स्तर तात्पुरते आहेत, अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं सांगितलं. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या पंचवीस गावांनी तर आपलं क्षेत्र संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून केले होते. ते ठराव कुठल्या चौकोनाच्या सरासरीत बसतात?"

"बसत नाहीत."

"आणि नेमकी तीच पायरी गाळली गेली. अहवाल लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये. गावागावांत बसून त्यावर बोलणं झालंच नाही. मग ऑगस्ट २०१२ मध्ये तो अहवाल पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन गट नेमला गेला. त्याने टापू धरला १,६४,२८० चौरस किलोमीटरचा, एकक चौकोनाऐवजी गाव केलं, उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक आणि वस्तीचा भूभाग वेगळा केला, आणि एप्रिल २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवलं. डोंगर तोच, निकष वेगळे, एकक वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा निघताहेत. गणितात कमी पडलं म्हणून का हे अडलं? ज्यांच्या जमिनीवर रेषा पडणार होती, त्यांच्याशी वजनांबद्दल बोलायचं राहिलं म्हणून अडलं."

खाणी, रस्ते, बांधकाम यांत गुंतलेल्यांचा विरोध भाची विसरते आहे, असं मामांनी बजावलं. तो विरोध कितीही बैठका घेतल्या तरी झालाच असता. ते तिने नाकारलं नाही. पण गाव सोबत असतं तर त्या विरोधाला गावाच्या नावाने बोलता आलं नसतं, एवढं तिचं म्हणणं होतं.

मग तिने स्वतःच्या मुलखातलं उदाहरण काढलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर गेली. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढे ढकलते. याच्या जोडीला गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे अभ्यासगटाची रीत रुजली. अभ्यासगटात माहिती गोळा होते, बाहेरच्या जाणकारांना बोलावलं जातं, शंका काढल्या जातात. पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, मजुरी किती, गावनिधीत किती, हे सगळे एकमेकांशी भांडणारे निकष. गावाने ते बसून सोडवले.

"आमच्या सोसायटीत हे होणार नाही," मामा ठामपणे म्हणाले. "तुझं गाव पिढ्यान्पिढ्या एकत्र राहिलंय, पुढेही राहणार. आमचे अठ्ठेचाळीसपैकी कितीतरी मालक बाहेरगावी, काही परदेशात. एकाला नकाराधिकार दिला की तो स्वतःची किंमत वसूल करतो. आणि थांबायला वेळ कुठे आहे? चौथ्या मजल्याचा स्लॅब झडतोय. सहमतीची वाट बघणं हाही निर्णय आहे. त्याची किंमत त्या स्लॅबखाली झोपणारा मोजतो."

भाची थोडा वेळ बोलली नाही. स्लॅबच्या मुद्द्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. सर्वसहमतीचा हट्ट तिने सोडला. अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा, ही गोष्ट मात्र सोडली नाही. सोसायटीत तुलनेचा तक्ता बनवणारे सल्लागार आणि समितीतले तीन-चार जणच बहुतेकदा भारांकही ठरवून टाकतात, आणि सभेपुढे येते ती थेट बेरीज. अभ्यास करणाऱ्यांनी गुण द्यावेत. वजनं सभेने द्यावीत. विश्वासार्हतेचे गुण देताना मनाचं काही नको: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ मुदत आणि वाढवून घेतलेली मुदत दिसते, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का ते विचारता येतं, आधीच्या सोसायट्यांत जाऊन भाडं वेळेवर मिळत होतं का याची चौकशी करता येते.

"आणि सभेत वजनं ठरवताना पुन्हा मोठा आवाज?" मामांनी तिचाच प्रश्न तिला परत केला.

त्यावरही उपाय आहे. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन द व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या समूहपद्धतीत सुरुवात लेखनाने होते. प्रत्येकाने आधी गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, मग एकेकाने एकच मुद्दा सांगायचा, फळ्यावर सगळे मुद्दे लागेपर्यंत वाद नाही, त्यानंतर चर्चा, आणि शेवटी पुन्हा चिठ्ठीवर क्रम. बोलघेवड्याला जेवढी चिठ्ठी, तेवढीच आजींना. परदेशातल्या मालकाची चिठ्ठीही ईमेलने येऊ शकते.

चिठ्ठ्यांची सरासरी काढायची, असं मामा म्हणाले, तेव्हा भाचीने पुन्हा हात धरला. तरुण कुटुंबं जागेला सत्तर टक्के देतील, वयस्कर तीस. सरासरी पन्नास. पन्नास टक्के म्हणणारा एकही माणूस सोसायटीत नाही! सरासरी काढण्याआधी बघायला हवं, की मतभेदाने निकाल खरोखर बदलतो का.

आता वही मामांनी घेतली. पट्टी पक्की केलेली: दहा टक्क्यांना शून्य, चाळीसला दहा. 'अ' ला जागेत दहा, विश्वासार्हतेत चार. 'ब' ला जागेत ६.६७, विश्वासार्हतेत आठ. जागेचं वजन वाढवत नेलं तर कुठे दोघे सारखे होतात? उत्तर आलं: साधारण ५५ टक्क्यांवर. त्याच्या खाली 'ब', वर 'अ'.

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाले, "साठ की सत्तर, तीस की चाळीस, यावर भांडायची गरजच नाही. सभेपुढे एकच प्रश्न ठेवायचा: तुमच्या मते जागा पंचावन्न टक्क्यांच्या वर की खाली?"

"आणि सगळे गट खालीच निघाले, तर वजनांवर एकमत नसतानाही निर्णयावर एकमत होईल."

"आणि दोन्हीकडे निम्मे निम्मे निघाले तर?"

"तर खरा मतभेद कुठे आहे ते सगळ्यांना दिसेल. मग 'अ' ला बोलावून विचारा, मुदतीची हमी वाढवतोस का. 'ब' ला विचारा, जागा वाढवतोस का. तक्त्याने निकाल दिला नाही, तरी वाटाघाटी कशावर करायच्या ते सांगितलं."

पण ५५ चा आकडा लिफाफे उघडल्यावरच कळतो, आणि तो कळला की जो तो आपल्या आवडत्या विकासकाला जिंकवणारं वजन सांगू लागतो. म्हणून चिठ्ठ्या आधी घेऊन बंद ठेवायच्या, यावर दोघांचं एकमत झालं. मामांनी ठरावाचा मसुदा तयार केला. पहिल्या सभेत न टाळता येणाऱ्या अटी आणि प्रत्येक निकषाच्या पट्टीची दोन टोकं ठरतील. त्याच सभेत सभासदांच्या चिठ्ठ्या घेऊन पाकीट सीलबंद होईल. नंतर लिफाफे उघडतील, अभ्यासगट पुराव्यासह गुण देईल. दुसऱ्या सभेत एकच बेरीज न दाखवता वेगवेगळ्या गटांच्या वजनांनी निकाल काय येतो ते शेजारी शेजारी मांडलं जाईल, आणि मग नियमाप्रमाणे मतदान.

एका कलमावर मात्र जुळलं नाही. दुसऱ्या सभेत स्पष्ट कौल आला नाही, तर तीस दिवसांत तिसरी सभा घेऊन ५१ टक्क्यांवर निर्णय करायचा, असं मामांनी लिहिलं होतं. भाचीला मुदत मान्य होती. पण त्या तीस दिवसांत विरोधात असलेल्या प्रत्येक कुटुंबाशी अभ्यासगटाने घरी जाऊन बोलावं आणि त्यांचे आक्षेप लेखी स्वरूपात तिसऱ्या सभेपुढे ठेवावेत, ही अट तिला त्यात हवी होती. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत एवढं करणारी माणसं मिळणार नाहीत, असं मामांचं म्हणणं. पहिल्या सभेच्या सूचनेत मसुद्याबरोबर हे कलम दोन्ही रूपांत छापायचं आणि कोणतं ठेवायचं ते सभासदांना विचारायचं, असं अखेर ठरलं.